रेंज फक्त उसाच्या बांधावर

१. माझी मावसबहीण सायली लोणीला असते. ती बारावीत आहे. सीईटीसाठी अ‍ॅप मीच सुचवलं.
२. त्यातले सराव पेपर नेटशिवाय उघडत नाहीत. घरात रेंज नाही.
३. आज तिन्हीसांजेला तिचा बांधावरून फोन आला.

मागून मावशी ओरडत होती, "खाली बसू नको गं! वाकलेलं माणूस बिबट्याला शेळी वाटतं. उभ्यानं लिही!"

"ताई, उभ्यानं गणितं व्हत न्हाईत," सायली हसली.

तेवढ्यात फोन कट झाला. परत लागेपर्यंत मी फोन लावतच राहिले. ती सुखरूप आहे.

पुढचा पेपर रविवारी संध्याकाळी आहे आणि ती पुन्हा तिथेच बसणार. पेपर आधी डाउनलोड करून नेटशिवाय सोडवता येतो, असं अ‍ॅप कुणी स्वतः वापरलं असेल, तर कृपया शनिवारपर्यंत नाव कळवा.