सोमालियातला बेल-भंडार

फोन आला तेव्हा मी साताऱ्याच्या घरी मेथी निवडत बसले होते. पुतण्या संजय बोलत होता, सांगलीहून. “मोठी काकी, आप्पा गेले.” एवढंच म्हणाला. हातातली काडी भाजीत टाकायची की कचऱ्यात, तेच मला कळेना. आप्पांनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, मला शब्द दिला होता की वैनी, आधी तुमी, मग मी. वयाने मोठी मी, तेव्हा हिशेब सरळ होता. पण भाऊजींनी दिलेल्या शब्दावर मी विसंबले, हाच माझा आयुष्यभराचा वेडेपणा. आता काही आठवडे उलटल्यावर तो निवांतपणे लिहायला हरकत नाही.

भाऊजी फौजेत होते. निवृत्तीच्या आधी त्यांची तुकडी शांतिसेनेत सोमालियाला गेली. मी तेव्हा चाळिशीची, दोन पोरांची आई, आणि अक्कल पहिलीतल्या मुलीएवढी. निघताना मी त्यांना सिंहाचं नख आणायला सांगितलं होतं. आणली त्यांनी दुधाच्या पावडरीचा डबा आणि गोष्टी. त्यांतली एक आमच्या घरात फार गाजली. छावणीजवळच्या विहिरीवरून दोन टोळ्या एकमेकींवर उठल्या होत्या. भाऊजींनी दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना झाडाखाली बसवलं, चहा पाजला, पाण्याच्या पाळ्या ठरवून दिल्या आणि शेवटी दोघांनाही बेल-भंडार उचलायला लावला. शपथ झाली, भांडण मिटलं. ही गोष्ट मी भिशीतल्या बायकांना इतक्या वेळा सांगितली की पुढेपुढे त्यात माझ्या पदरचे दोन उंटही आले. पण सोमालियात बेल कुठून आला आणि खंडोबाचा भंडारा कुणी नेला, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही.

त्यांची नात, संजयची मुलगी सई, ही गोष्ट ऐकतच मोठी झाली. बारावीनंतर तिने जाहीर केलं की ती स्कॉटलंडला जाऊन आंतरराष्ट्रीय संबंध शिकणार, आणि त्यातही आफ्रिकेचा अभ्यास करणार. संजयचा कुपवाडला छोटा कारखाना आहे, सरळ विचारांचा माणूस. तो म्हणाला, आफ्रिका शिकायला स्कॉटलंडला कशाला, आणि शिकून सांगलीत करणार काय? घरात चार दिवस अबोला. शेवटी भाऊजींनीच निकाल दिला, जाऊ दे पोरीला. ती गेली. प्रवेशाच्या अर्जात तिने आप्पांची विहीरच लिहिली होती, हे आम्हाला कौतुकाने सांगितलं. भाऊजी तेव्हा उठून पाणी प्यायला आत गेले. मला वाटलं, डोळे भरून आले असतील.

शेवटच्या वर्षी तिला प्रबंध लिहायचा होता, त्या भागातल्या पाण्याच्या तंट्यांवर. तिच्या प्राध्यापकांनी सांगितलं, आजोबांची आठवण सविस्तर टिपून आण, गाव कुठलं, टोळ्या कुठल्या, सगळं. ती सुट्टीला यायच्या आधी भाऊजींनी मला सांगलीला बोलावून घेतलं. चहा ठेवायचं निमित्त करून मला स्वयंपाकघरात नेलं आणि हळू आवाजात सगळं सांगून टाकलं. मी आधी हसत सुटले, मग माझे उंट आठवले आणि हसू जागीच थांबलं. म्हटलं, आठवत नाही म्हणून सांगा, म्हातारपणाचा तेवढा तरी उपयोग होऊ दे.

ते हसले नाहीत. “न्हाई वैनी. पोरगीनं सगळं त्याच्यावर उभं केलंय. आता खोटं बोललो तर ते तिच्या नावावर छापून येईल. आन् खरं बोललो तर... तिचा आप्पा ऱ्हाईल का?”

दुसऱ्या दिवशी सईने व्हरांड्यात दोघांच्या मधे फोन ठेवला, आवाज टिपायला. भाऊजींनी तो जरा आपल्याकडे ओढून घेतला.

“सई, मी छावणीच्या भाईर गेलोच न्हाई गं. मी भटारखान्यात कणीक मळत हुतो. ती हीर आपली हाय. मलकापूरच्या पल्याडची, आपल्या रानातली.”

मग सगळं आलं. माझे सासरे आणि चुलतसासरे पाण्याच्या पाळीवरून तुटले ते तुटलेच; हे मलाही ठाऊक होतं, पण सोमालियाशी मी ते कधी जोडलं नव्हतं. चुलतभाऊ नामदेव, ज्याच्या कमरेला दोर बांधून भाऊजींनी त्याला त्याच विहिरीत पोहायला शिकवलं होतं, तो मरेपर्यंत त्यांच्याशी बोलला नाही. बेल-भंडार कुणीच उचलला नव्हता. “तिकडं तारंच्या पल्याड बाया पाण्याला रांग लावायच्या. त्यांच्याकडं बघत मी आमचं भांडान मिटवायचो. मनातल्या मनात. रोज.”

सई एवढंच म्हणाली, “माझ्या अर्जात होतं ते, आप्पा.” आणि उठून गेली. त्या संध्याकाळी ती त्यांच्या पंगतीला बसली नाही. भाऊजींनी भाकरी कुस्करली, आणि तशीच ठेवली. इतकी वर्षं मी त्यांची थट्टा केली, पण त्या रात्री ते ताट मीच उचलून झाकून ठेवलं.

सकाळी ती स्वतःच फोन घेऊन आली, पुन्हा मधे ठेवला, आणि विचारलं, तारेच्या आतून काय काय दिसायचं, ते सांगा. भाऊजी तीन दिवस बोलत होते. बायांच्या हातांतले पिवळे डबे, एक लंगडी शेळी, कुंपणाला हात लावला की ओरडणारा पहारेकरी... विहिरीची गोष्ट प्रबंधातून गेली. त्याऐवजी, मदतीला गेलेल्या माणसाला कुंपणाच्या आतून किती थोडं दिसतं, यावर तिने लिहिलं. प्रबंध तिकडे जमा झाला आणि चार दिवसांत इकडे भाऊजी गेले. सई पोहोचली तेव्हा राख सावडून झाली होती.

आता ती परत तिकडे गेली आहे, पुढच्या शिक्षणासाठी. रविवारी दुपारी ती आप्पांना फोन करायची, तो आता मला येतो. आधी हवापाण्याचं, जेवणाखाण्याचं बोलणं होतं, मग ती हळूच म्हणते, मोठी आज्जी, काहीतरी सांग ना. परवा मी विचारलं, “खरं सांगू की तुझ्या आप्पांसारखं?”

पलीकडे ती खुर्ची ओढून बसल्याचा आवाज आला.

“आधी खरं सांग,” ती म्हणाली. “मग आप्पांसारखं.”