रिकाम्या घराची आतली कडी

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगते. इथे कुणी अनुभव लिहिला की खाली "बॅटरी बदलून बघा", "उंदीर असेल" असल्या कमेंट टाकणारी ती मीच. बँकेत इन्स्पेक्शनला आहे, शंका काढायचाच पगार मिळतो. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... पण वर्ष होत आलं तरी डोक्यातून जात नाहीये.

आम्ही मूळचे कराडचे. माझी बदली जयपूरला झाली आणि आम्ही जवाहर नगरमध्ये दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट भाड्याने घेतला. मालक दुबईला. दाराला किल्लीचं भोकच नाही — स्मार्ट लॉक. करार झाल्यावर मालकांनी आमच्या फोनवर किल्ल्या पाठवल्या. फोन कुलपाजवळ नेला की हिरवा दिवा, घर्रर्र, दार उघडं. नवरा, निखिल, येणाऱ्या-जाणाऱ्याला ते कौतुकाने करून दाखवायचा.

या कुलपाला आतून एक चकती आहे. ती फिरवली की बाहेरून कुठलाच फोन चालत नाही, मालकांचासुद्धा. थोडक्यात, आतली कडी. ती फक्त आतून फिरते, आणि फक्त हाताने. सगळा घोळ तिथेच आहे.

एक किल्ली मी माझ्या आईसाठीही मागून घेतली होती. डॉक्टरांनी मला प्रवास करू नका म्हणून सांगितलं, तेव्हा माहेरी जाण्याऐवजी बाळंतपणाला आईच इथे येणार होती. किल्ली पोचल्यावर तिचा लगेच फोन. "अगं, घर अजून डोळ्यांनी बघितलं नाही आणि किल्ली आधी आली की!" किती हसलो होतो आम्ही. त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली. झोपेतच. मला शेवटचं बघायलाही जाता आलं नाही.

मुलगी झाली जानेवारीत. जयपूरची थंडी, त्यात धुकं. सासूबाईंची गाडी वाटेत अडकलेली. डिस्चार्जच्या सकाळी त्यांचा गाडीतून फोन आला, "थांबा की तिथंच. मी आल्याशिवाय घरी जाऊ नका. भाकरतुकडा ओवाळल्याशिवाय बाळ-बाळंतिणीला आत घ्यायचं नसतं."

निखिल म्हणाला, "आई, दार उघडायला आता घरात माणूस लागत नाही. किल्ली खिशात आहे."

मीही त्याचीच री ओढली. खरं कारण वेगळं होतं. उंबऱ्यावर ज्या हाताने हे व्हायला हवं होतं, तो हात आता नव्हता. मग कुणाचाच नको, असा माझा हट्ट.

दुपारी घरी पोचलो. निखिलने फोन कुलपाजवळ नेला — लाल दिवा. पुन्हा लाल. माझ्या फोनने करून पाहिलं, तेच. ॲपमध्ये संदेश: आतून बंद.

आतून? सकाळी निखिल स्वतः दार लावून दवाखान्यात आला होता. फ्लॅटला दुसरं दार नाही, खिडक्यांना गज. चोर असेल या भीतीने त्याने दार बडवलं. आत शांत. मालकांना फोन लावला. त्यांनी दुबईतून खटपट केली, त्यांनाही तेच उत्तर.

समोरच्या शर्मा आंटी आवाजाने बाहेर आल्या. "अरे, छोरी को ठंड लग जाएगी. मेरे यहाँ आ जाओ, बेटा."

त्यांचं बरोबर होतं. पण माझे पाय हलेनात. इतके दिवस आवरून धरलेलं सगळं तिथेच फुटलं. बाळाला छातीशी धरून मी लहान पोरीसारखी रडले. "आई असती तर आतून दार उघडलं असतं," असं मराठीतच बोलून गेले. आंटींना शब्द कळले नसतील, पण त्यांनी पाठीवर हात ठेवला. थोड्या वेळाने विचारलं, "तुम्हारे में कुछ करते नहीं क्या, बच्चा पहली बार घर आए तो?"

मी भाकरतुकड्याचं सांगितलं.

"बस, इतना ही? बाजरे की रोटी तो अभी सेकी है."

बाजरीची रोटी म्हणजे आपली भाकरीच की! त्या भाकरी आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि आमच्या बंद दाराला पाठ करून उभ्या राहिल्या. मी सांगत गेले तसं त्यांनी माझ्यावरून, बाळावरून भाकरीचा तुकडा ओवाळला, दोन्ही बाजूंना टाकला, पाणी ओवाळलं. मग ओलं बोट माझ्या डोळ्यांना लावलं. बाळाच्या डोळ्यांना लावलं...

आणि त्यांच्या पाठीमागे घर्रर्र.

हिरवा दिवा. दार हातभर आत गेलं. माझा फोन पर्समध्ये होता, निखिलचा त्याच्या कानाला. आंटींचा तर त्यांच्या स्वयंपाकघरात. त्या वळून हसत म्हणाल्या, "लो, खुल गया. आओ बेटा." त्यांना त्यात काही विशेष वाटलंच नाही!

निखिल आधी आत शिरला. पलंगाखाली, बाथरूममध्ये, माळ्यावरसुद्धा पाहिलं. कुणी नाही. मी बाळाला घेऊन खोल्याखोल्यांतून फिरले, आईच्या तेलाचा वास येतो का बघत. हो, हसा खुशाल. वास नाही, काही नाही. बंद घराची थंडी तेवढी होती.

नंतर कुलपाच्या कंपनीचा माणूस आला. सगळं तपासून म्हणाला, "मैडम, लॉक एकदम ठीक है. अंदर वाली बाहर से लग ही नहीं सकती." मी स्वतः दार आपटून, हिसके देऊन, बॅटरी काढून पाहिलं. चकती जागची हलत नाही. निखिल अजून "लूज कॉन्टॅक्ट" म्हणतो. समजा, कडी हिसक्याने लागली. पण मग काढली कुणी? आणि नेमकी तेव्हाच?

कुणाकडे सरळसाधं उत्तर असेल तर जरूर लिहा, मी चिडणार नाही. मी स्वतः तुमच्याच बाजूची आहे. आणि नसेल उत्तर, तरी माझी तक्रार नाही. कडी कशी लागली, कशी निघाली, हे मला जन्मभर नाही कळलं तरी चालेल.

आईने बाळाला बघितलं का, एवढंच कुणी सांगू शकेल का?