उद्घाटन व्हायचं होतं

आक्काला कुणी नावं ठेवली की माझं डोकंच सणकतं. आता आमच्या घरकुलातल्या बायका पाण्याच्या टाकीपाशी उभ्या राहून बोलतात, "नवऱ्याचा पाय हिच्याच हट्टापायी गेला." अगं भवान्यांनो, तवा कुठं होत्या तुम्ही? तवा तर "मनकर्णाबाईच्या हातात चावी हाय, आता काळजी नाय" म्हणून तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवत होत्या. मी दीपमाला. आक्काचं म्हंजी मनकर्णाबाईचं अन् माझं दार समोरासमोर. जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं, म्हणून मीच सांगते. तिची चूक झाली, हे मी नाकारत नाय. पण कशी झाली ते तरी ऐका.

आम्ही सगळे मूळचे गारखेड्याकडच्या नाल्याकाठच्या वस्तीतले. वस्ती उठली अन् आम्हाला शेंद्र्याच्या वाटेवर या चार मजली इमारतींत घरं मिळाली, चिठ्ठ्या टाकून. आक्काला तळमजला लागला. तिचा नवरा काकासाहेब, आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो, गवंडी माणूस. कुठलीही भिंत दिसली की आधी तिच्यावरून हात फिरवणार. नव्या घरात पाऊल टाकलं अन् म्हणाले, "गिलाव्यात सिमेंट चोरलंय गं यांनी." आक्का म्हणाली, "धर्माची गाय अन् दात का गं नाय! गप बसा अन् आधी देव मांडा."

घरं दिल्यावर घरकुलाच्या सरकारी हापिसाला वाटलं, आता या लोकांना सोयीपण द्याव्यात. मग सुरू झालं एकेक. बायकांचा शिवणक्लास, पोरांची अभ्यासिका, रक्त तपासायची गाडी. काही चाललं, काही नुसता बोर्ड लागून बंद पडलं. आक्काच्या घराला भिंतीला भिंत लागून एक मोठी खोली रिकामी होती. तिथं म्हाताऱ्यांसाठी अन् लकवा मारलेल्या माणसांसाठी व्यायामखोली करायचं ठरलं. संक्रांतीच्या सुमाराला टेम्पो भरून सामान आलं. दोन्ही हातांनी धरून चालायला लांब दांड्या, खांदा फिरवायचं भिंतीवरचं चाक, एका जागी उभी राहणारी सायकल, वॉकर. सगळं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. हापिसातला साहेब सगळ्यांसमोर म्हणाला, "उद्घाटन होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. चावी कुणाकडे देऊ?" साऱ्यांनी एका तोंडानं आक्काचं नाव घेतलं.

आता, एका चावीचं एवढं काय, असं तुम्हाला वाटंल. जुन्या वस्तीत असताना आक्का बंगल्यांवर धुणीभांडी करायची. एका बंगल्यात चांदीची वाटी हरवली अन् आळ आला आक्कावर. चौकीत नेऊन दिवसभर बसवलं. आख्ख्या वस्तीदेखत झोपडीची झडती झाली, पिठाचा डबासुद्धा उपडा केला. पुढं वाटी त्यांच्याच देवघरात सापडली, तर कुणी साधं "चुकलं" म्हणालं नाय. तवापासून आक्का कुठल्याही घरचं काम आटपलं की दारात उभी राहून आपली पिशवी उलटी करून दाखवायची. "बघून घ्या बाई." बायका लाजायच्या, "अहो मावशी, कशाला?" म्हणायच्या. पण हिचं सुरूच. दुधानं तोंड पोळलेलं माणूस, ताकपण फुंकूनच पिणार की.

अशा बाईला साहेबानं चार लोकांत चावी दिली. त्या दिवशी ती माझ्या घरी आली अन् घळाघळा रडली. "दीपे, याच लोकांसमोर मला चोर म्हणले होते गं." मला पण रडू आलं. चावी तिनं काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली, मंगळसूत्राच्या शेजारी. काकांना दहा वेळा दाखवली. काका हसले, म्हणाले, "सरकारीण झाली बाबा आमची."

शिमगा झाला अन् काकांना लकवा मारला. उजवी बाजू पार गेली, तोंड वाकडं झालं. घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेलं, जीव वाचला. सोडताना डॉक्टरांनी आक्काला समोर बसवून सांगितलं, "बाई, आता गोळ्यांपेक्षा व्यायाम महत्त्वाचा. सुरुवातीच्या महिन्यांत हातपाय चालते ठेवले तर माणूस उभा राहील. नुसतं झोपवून ठेवलंत तर आखडतील, मग अवघड आहे." मी शेजारीच उभी होते. आक्कानं सगळं नीट ऐकलं.

व्यायामखोलीसाठी एक पोरगी नेमली होती, मोनिका. नवीनच शिकून आलेली, बोलायला गोड. खोलीच बंद, म्हणून ती घरोघर फिरायची. तिनं काकांचा पाय उचलून बघितला, बोटं उघडून बघितली अन् म्हणाली, "मावशी, पायात जोर आहे अजून! भिंतीपलीकडे सगळं सामान पडलंय. खोली उघडा, मी करून घेते. दिवाळीपर्यंत काका चालतील."

आक्का म्हणाली, "उद्घाटन होऊ दे बाई."

घरात जेवढं होईल तेवढं तिनं केलं, खोटं कशाला बोलू. तेल कोमट करून चोळायची, हात वरखाली करायची, मोनिकानं दाखवलेलं सगळं करायची. पण माणसाला उभं करायचं तर धरायला कायतरी पाहिजे. आक्का मूठभर, काका धिप्पाड. दोनदा दोघंही पडले. तिसऱ्यांदा काकाच नको म्हणाले.

मग मात्र मी भांडले. "आक्का, तुला नवरा मोठा का उद्घाटनाची फीत मोठी?"

"दीपे, उद्या त्यातला एक खिळा जरी कमी भरला तर लोक काय म्हणतील? सोताच्या नवऱ्यासाठी उघडली म्हणतील. दुसऱ्या कुणाचा माणूस असता तर एक वेळ उघडली असती मी."

"मग साहेबाला विचार तरी!"

गेली बिचारी. दोनदा गेली, रिक्षा बदलून. साहेब जागेवर नाय. शिपाई म्हणाला, "मावशी, पुढच्या आठवड्यात तारीखच लागतीय, कशाला विचारता?" झालं, ती खुशीत परत.

तारीख लागायची अन् पुढं जायची. आधी आचारसंहिता लागली. ती सुटली तर ज्या नेत्याच्या हातून फीत कापायची त्यांचा घसा बसला. घसा सुटला तर पितृपंधरवडा आला, त्यात शुभकार्य कसं करायचं? एकदा तर मांडव घातला, खुर्च्या आल्या, अन् दुपारी फोन आला, आज नाय. आक्का रोज सकाळी खोली उघडायची, प्लास्टिकवरची धूळ फडक्यानं पुसायची, सामान मोजायची अन् कुलूप लावून घरी यायची. भिंतीच्या अलीकडं काका खाटेवर. एकदा डाव्या हातानं भिंत ठोकून ते बोबडं बोलले, "पातळ हाय. पाडू का?" आम्ही सगळे हसलो. आक्कापण हसली, अन् मग पदरानं डोळे पुसत चुलीकडं गेली. आमच्याकडं गॅस हाय, पण ती अजून चूलच म्हणते.

उद्घाटन झालं ते दिवाळी उलटून गेल्यावर. ताशा लावला होता. नारळ फुटला, फीत कापली, भाषणात सगळ्यांनी एकमेकांचे आभार मानले. आक्काचापण सत्कार झाला, शाल अन् श्रीफळ. "अशा प्रामाणिक महिला आपल्या वसाहतीचं भूषण आहेत," असं म्हणले. टाळ्या. मग फोटोवाला म्हणाला, एखादा पेशंट उभा करा ना दांड्यांमध्ये. साऱ्या नजरा मांडवात खुर्चीवर आणून बसवलेल्या काकांकडं. दोघांनी काखेत धरून त्यांना उभं केलं. मोनिका त्यांची उजवी मूठ सोडवायला लागली. एकेक बोट उघडायची अन् ते परत मिटायचं. शेवटी तिनं मूठ तशीच दांडीवर ठेवली. ती घसरली. फोटो मात्र निघाला. मंडळी पुढच्या कार्यक्रमाला गेली.

आक्कानं मोनिकाला बाजूला घेतलं. "आधी आणलं असतं तर?"

पोर लहान. खोटं बोलायचं अजून शिकली नव्हती. म्हणाली, "चालले असते मावशी. आता पाय खूप आखडलाय. बसतं करू, जेवढं जमेल तेवढं करू."

साहेब गाडीत बसत होता. आक्का त्याच्याकडं गेली, मी तिच्या मागं. "साहेब, माझा माणूस लकव्यानं पडला होता. मी खोली उघडली नाय." साहेब कळवळला, खरंच कळवळला. म्हणाला, "अहो मावशी, नियम नियमाच्या जागी. तुम्ही उघडली असती तर कोण विचारायला येणार होतं?"

असा संताप आला मला! वाटलं, त्याची गाडी अडवावी. पण त्याला तरी काय बोलणार? त्याच्या जगात नियम असेच असतात, थोडे इकडं, थोडे तिकडं. आक्काच्या जगात नव्हते. गरिबानं एक बोट वाकडं केलं की चौकी दिसते, हे त्याला कुठून माहीत असणार? आक्का शाल खांद्यावर घेऊन मांडवातच बसून राहिली. खुर्च्यावाला येऊन "मावशी, उठा" म्हणाला, तवा उठली.

तवापासून आक्का पहाटे खोली उघडते ती रात्रीच लावते. वॉकर एकदा पोरांनी पळवला अन् परत आणला, तर ती नुसती "आणला का? बरं" म्हणाली. मला माझी जुनी आक्का पाहिजे होती तवा.

मग तिसऱ्या मजल्यावरच्या फारूखभाईला झटका आला. केळ्याची गाडी लावायचा, वय काही जास्त नाय. त्याची बायको मेहरुन्निसा जिन्यात बसून रडायला लागली. घाटीतनं त्याला आणल्या दिवशीच आक्का जिना चढून वर गेली. म्हणाली, "रडू नको बेटी. याला खुर्चीवर बसवा अन् खाली आणा." ती नाय म्हणूच देईना. रोज चार पोरं गोळा करायची, फारूखला खाली उतरवायची अन् मोनिकाच्या ताब्यात द्यायची. मोनिका नसंल त्या दिवशी स्वतः उभी राहायची. फारूख कळवळायचा, "मौशी, आज रैने दो ना, लई दुखरा."

"दुखतंय म्हंजी जिता हाय अजून. ऊठ मेल्या, लाड नकोत!"

तो शिव्या द्यायचा, ती दुप्पट द्यायची. मेहरुन्निसा दोघांना सरबत द्यायची. रमजान ईदच्या आधी फारूख दांड्या सोडून चालला. ईदच्या दिवशी तर नवे कपडे घालून, काठीबिगर, पाय ओढत गेटापर्यंत गेला. गॅलऱ्यांमधनं लोकांनी टाळ्या वाजवल्या. मेहरुन्निसानं आक्काला मिठी मारली. आक्कानं तिच्या पाठीवर हात फिरवला अन् कुणाचं लक्ष नाय असं बघून घरी निघाली. मी बघितलं, मागं गेले.

काका खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. टाळ्या त्यांनी ऐकल्या होत्या.

"चालला?"

"व्हय. गेटापर्यंत गेला."

"बरं झालं," काका म्हणाले. मनापासून म्हणाले. "लेकरं ल्हान हायेत त्याची."

आक्का मटकन खाली बसली. "अहो, एकदा तरी शिव्या द्या मला! एकदा म्हणा, तुझ्यामुळं झालं. या दीपीसमोर म्हणा. तुम्ही कायच बोलत नाय, ते मला सोसत नाय."

काकांनी मान हलवली. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागतो, आम्ही थांबलो.

"तू लई खूश होतीस गं," ते म्हणाले. "आयुष्यात पहिल्यांदा. मलाच म्हणवलं नाय, उघड म्हणून."

मी उठून माझ्या घरी आले. तिथं मला थांबवलं नाय.