भरलेल्या गाड्यापुढे हमीदा

गाडा सुटला तेव्हा हमीदा त्याच्या पुढे होती आणि मी मागे. दांडा माझ्या हातातून निसटला, तळव्याची साल निघाली. तिने पाय रोवले, पाठ गाड्याला लावली, आणि गाडा तिला भिंतीपर्यंत घेऊन गेला. ओरडायलाही तिला वेळ मिळाला नाही. त्याला आता दीड महिना झाला.

इथल्या माळावर कारखाने उभे राहिले तेव्हा मी मोशीहून चिंचवडला कामाला आले. एका फाउंड्रीत आम्ही रोजंदारीवर ओतीव माल वाहायचो. भट्टीकडून गोदामाकडे उतार. दोघींनी मागून दांडा ओढून धरायचा, तिसरीने पुढे पाठ लावून गाडा रोखत उतरायचं, ही आमची रीत. हमीदाचा नवरा स्टेशनाजवळ स्कूटरी दुरुस्त करतो. ती तोंडाने फटकळ. मुकादम नुसता उभा असायचा, म्हणून त्याला जावईबापू म्हणायची.

माल लवकर हलवायचा होता, म्हणून साहेबांनी एका खेपेला दुप्पट भरायला सांगितलं. बाया तेवढ्याच. हमीदा म्हणाली, "माल दुप्पट, तर बाया पण दुप्पट द्या."

"उतार आहे. गाडा आपोआप जातो."

"जाईल हो. थांबवणार कोण, उतार?"

साहेबांनी रिकामा गाडा उतारावर सोडला आणि एका हाताने अडवून दाखवला. पुरुष हसले. "आता भरलेला अडवा की," ती म्हणाली. साहेब ऑफिसात निघून गेले...

मी चौथी शिकले. पण वीस वर्षांत एवढं कळलं, की सारख्याच जोराने ढकलला तर रिकामा गाडा पळतो आणि भरलेला जेमतेम सरकतो. माल दुप्पट झाला की तोच वेग आणायला जोर दुप्पट लागतो. थांबवायलाही तसंच. उतारावर भरलेला गाडा रिकाम्याइतक्याच झपाट्याने वेग घेतो, रोखणारीच्या अंगात मात्र दुप्पट जोर एका दिवसात येत नाही. हे हमीदाला कळत होतं. शिकलेल्या साहेबांना कळत नसेल, असं मी मानत नाही.

चौकशीच्या कागदात लिहिलं, बायकांनी गाडा जोरात ढकलला आणि मयत बाई निष्काळजीपणे पुढे उभी राहिली. गाड्यात वजन किती होतं, हे कुणी विचारलं नाही. तिसऱ्या बाईचा, शांताचा, अंगठा घेतला. मला लिहिता येतं म्हणून सही घेतली. आम्ही ढकलत नव्हतो, मागे ओढत होतो. तरी केली सही, काम जाईल म्हणून. हमीदाच्या नवऱ्याने तो कागद वाचला. "आक्का, ही सही तुमची?" मी हो म्हटलं.

त्या सहीवरचा मजकूर खोटा आहे. हमीदाची चूक नव्हती.

आणि त्या दिवशी पुढे राहायची पाळी माझी होती. "तू हडकुळी, आक्का. तुला गाडा उचलून नेईल. हो मागं," म्हणत तिने मला दंडाला धरून बाजूला केलं. मी झाले. ती बेचाळीस वर्षांची होती. मी एकसष्ट वर्षांची आहे आणि जिवंत आहे.