न उडालेला बार

दशरथचा डावा कान खाणीनं नेला. वाघोलीकडच्या दगडखाणीत सुरुंग भरण्यात त्याचा जन्म गेला. दहाही बोटं शाबूत घेऊन तो घरी बसला. त्या धंद्यात ही मोठी कमाई.

खाणीचा रिवाज कडक होता. बार उडाला नाही, तर ज्यानं भरला त्यानंच बघायला जायचं. बाकीचे लाल बावट्यामागे. त्या भोकात पुन्हा हत्यार घालायचं नाही. बाजूला नवं भोक पाडायचं. काळ्या पाषाणात ते काम जीव काढतं.

दशरथच्या जोडीनं बार भरणाऱ्या मच्छिंद्रनं तेवढी मेहनत वाचवली. आपल्याच न उडालेल्या बारात त्यानं पहार घातली. पहिल्याच ठोक्याला कडा फुटला. पहार त्याच्या हनुवटीतून शिरून कवटीतून बाहेर पडली. एक हात बाभळीत अडकलेला सापडला, दुसरा सापडलाच नाही. दशरथनं त्याला गोणपाटात गोळा केलं आणि खांद्यावरून वर आणलं. गोणपाट पाठीवर गळत होतं.

दशरथची मुलगी कल्याणी हिंजवडीत उपग्रहांचं सॉफ्टवेअर लिहायची. कर्वेनगरच्या घरात जेवताना ती मधेच थांबली.

"पप्पा, उद्या एका कामाला हो की नाही सांगायचंय. हो म्हटलं तर मी टीमची प्रमुख."

"मग तोंड का पाडलंस?"

"परदेशी गिऱ्हाईक आहे. अणुबाँब पृथ्वीभोवती फिरता ठेवायचाय. जागतिक करारानं बंदी आहे, म्हणून कागदावर नाव दुसरंच."

दशरथनं उजवा कान पुढे केला. "कुणाच्या डोक्यावर?"

"सगळ्यांच्या. वरच फुटला तर उपग्रह जळतील, ठेवणाऱ्याचेसुद्धा. फोन, विमानं, वादळाचे इशारे, सगळं आंधळं. खाली टाकला तर कोथरूडएवढी वस्ती उभी जळेल. वाचतील त्यांची कातडी सोलून लोंबेल."

"अगं, घास तरी गिळू दे!" दशरथची बायको हिरा ओरडली.

"आणि बिघडला तर?" दशरथनं विचारलं.

"फिरत राहील. खालून हुकूम द्यायचा. ऐकला तर ऐकला."

"माझ्यासारखा बहिरा निघाला तर?"

"तुमच्यासारखा निघाला तर जग बुडालंच म्हणा," हिरा म्हणाली.

कल्याणी हसली नाही. दशरथनं ताट सारलं. "बघायला कोण जाणार?"

"कुणीच जाऊ शकत नाही, पप्पा."

सकाळी कंपनीच्या बसनं हॉर्न दिला. कल्याणी बूट घालत होती.

"नाहीच म्हणायचंय ना? मग फोनवर सांग," हिरा म्हणाली. "तिथं जाऊन नोकरी कशाला घालवतेस?"

"त्या सॉफ्टवेअरचा पहिला भाग मीच लिहिलाय, आई. तेव्हा कशासाठी ते माहीत नव्हतं. आता सगळ्यांसमोर त्याचं खरं नाव मलाच घ्यायला हवं."

दशरथ चपला शोधू लागला.

"तुम्ही नाही यायचं, पप्पा," ती त्याच्या उजव्या कानाशी म्हणाली. "भरला मी."

तो फाटकाशी थांबला. बस वळली, तरी उजवा कान रस्त्याकडे करून उभाच राहिला.