पिशवीबंदी आणि बाबांची मासळी

बोरीवलीतल्या आमच्या सोसायटीत प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आणायचा ठराव मीच मांडला होता. त्या पावसाळ्यात आवारातलं गटार तुंबलं आणि तळमजल्यावरच्या घरांत घाण पाणी शिरलं. पाणी उतरल्यावर गटाराच्या जाळीतून पिशव्यांचे लगदेच्या लगदे निघाले. ठरावाला विरोधही बराच झाला. "आधी कारखाने बंद करा, मग आम्हाला सांगा," असं एकजण म्हणाले. "ओला कचरा काय पदरात बांधून टाकायचा?" असं एका आजींनी विचारलं. तरी पाण्याची आठवण ताजी होती, म्हणून ठराव पास झाला. पिशवी दिसली की गेटवर अडवायची, असं वॉचमनला सांगितलं गेलं.

माझे सासरे, म्हणजे बाबा, मालवणकडचे. गिरणी बंद पडेपर्यंत त्यांनी गिरणीत काम केलं. आता गुडघे गेलेत, तरी बाजारातून मासळी आणायचं काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. बंदी आल्यावर ते मुकाट्याने कापडी पिशवी नेऊ लागले.

एका रविवारी सकाळी लिफ्टकडून आरडाओरडा ऐकू आला म्हणून मी धावत चौथ्या मजल्यावर उतरले. लिफ्टचं दार उघडं होतं. आत बाबा पिशवी छातीशी धरून उभे होते. पिशवीतून मासळीचं पाणी टपटप गळत होतं. समोर चौथ्या मजल्यावरची माझी मैत्रीण उभी होती, हातात पूजेचं ताट, नवी साडी. तिचा अनवाणी पाय नेमका त्या पाण्यात पडला होता.

"बघ!" ती मला म्हणाली. "प्लास्टिकमधून आणायचे तेव्हा कधी थेंब सांडला नाही. तुझा नियम ना? आता तूच पूस."

मी सॉरी म्हटलं, फडकं आणलं, लादी पुसली. घरी आल्यावर बाबा म्हणाले, "तू कित्याक माफी मागतंस गो? मी काय चोरी केलंय?"

दुपारपर्यंत सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाट लागली होती. बंदी उठवा. फक्त मासळीला सूट द्या. सूट कशाला, मासेवाल्यांनी जिना वापरावा. या शेवटच्या मेसेजखाली अंगठ्यांची रांगच लागली. काही अंगठे अशा लोकांचे होते, जे दर गणपतीत आमच्याकडे जेवून जातात. मी फोन उलटा करून ठेवला. बाबांना यातलं काही कळू नये, एवढंच मनात होतं. पण नवऱ्याने ते सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. तो संतापला होता, आणि अर्धा संताप माझ्यावर होता. "कोणी सांगितलं होतं तुला पुढारीपण करायला?"

पुढच्या वेळी बाबांना बाजारातून यायला फार उशीर झाला. फोन लागेना. मी खाली गेले तर वॉचमन म्हणाला, "आजोबा तर केव्हाच आत गेले. जिन्याने."

आमचं घर सहाव्या मजल्यावर. मी दोन-दोन पायऱ्या चढत वर पळाले. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये बाबा पायरीवर बसलेले दिसले. चेहरा राखेसारखा, शर्ट घामाने अंगाला चिकटलेला. माझी मैत्रीण शेजारी उभी राहून त्यांना पाणी पाजत होती. तिने घरातून खुर्चीही आणली होती, पण त्यांना उठवत नव्हतं. आम्ही दोघींनी मिळून त्यांना वर नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि रक्तदाब चढलाय, जिना बंद, असं बजावलं.

त्या आठवड्यात सभा झाली. आम्ही नको म्हणत असतानाही बाबा आले आणि मागच्या खुर्चीत बसले. बोलणं पिशव्यांवरून सुरू झालं आणि मिनिटाभरात मासळीवर आलं. मैत्रीण उठून म्हणाली, "काकांनी खुशाल लिफ्टने यावं. मासे मात्र जिन्याने जाऊ देत."

"आणि ते मासे चढवणार कोण, तू?" नवरा ओरडला. खुर्च्या सरकल्या. सेक्रेटरी मध्ये पडले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, तुम्ही तुमचा ठराव मागे घ्या ना. पिशव्या येऊ देत. कशाला भांडणं?"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मागे घेतला तर बाबा पुन्हा पूर्वीसारखे निवांत बाजारात जातील, ग्रुप शांत होईल, घरातही शांतता होईल. 'घेते मागे' हे शब्द ओठांवर आलेच होते.

"तां काय मागे घेवचा नाय," मागून आवाज आला. बाबा खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले होते. "तळाच्या घरात परत पाणी शिरला तर? मी कडीचो डबो घेवन जातलंय. एक थेंब पडाचो नाय." मग हळू आवाजात, "पण येतलंय लिफ्टीनच."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सेक्रेटरींनी हात वर करायला सांगितले. बंदी टिकली. मासळी जिन्याने न्यायची सूचना पडली, पण थोडक्यात. मैत्रिणीने कुठल्याच बाजूने हात वर केला नाही.

लोकांची मतं मात्र होती तिथेच राहिली. काहीजण आजही पिशवी ऑफिसच्या बॅगेत लपवून आणतात, आणि वॉचमन तिकडे पाहत नाही. ज्यांनी अंगठे दिले होते ते गणपतीत जेवायला आले, आणि नवऱ्याने त्यांना वाढलं, पण आग्रह केला नाही.

मैत्रीण आली नाही. परवा गेटपाशी ती समोर आली. बाजूने निघून जायला जागा नव्हती.

"काकांचे गुडघे कसे आहेत?" तिने विचारलं.

"दुखतात," मी म्हटलं.

"माझ्या भावाचं ऑपरेशन झालंय गुडघ्याचं. डॉक्टर चांगला आहे. नंबर पाठवते." एवढं बोलून ती भरभर पुढे गेली. मी वर आले आणि बाबांना सांगितलं. टीव्हीचा आवाज कमी करून ते म्हणाले, "विचार तिका, किती दिवस झोपान रव्हाचा लागता."