सारवणाची ठिगळं

मला मुळात एका जागी बसवत नाही. जेवताना दोनदा उठते, एसटीत सीट मिळाली तरी दाराशी जाऊन उभी राहते. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. अशा बाईला पहिली नोकरी लागली ती तलासरी तालुक्यात, उधव्याच्या पुढच्या एका पाड्यावर, नर्स म्हणून. सकाळ बरी जायची. बाळांची वजनं, लसी, गरोदर बायकांच्या घरी चकरा. चार वाजता काम संपलं की मात्र मी खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरायची. मोबाइलला रेंज मिळायची ती डांबरी रस्त्यावर, चिंचेखाली. तिथेही किती उभं राहणार?

भाऊ तेव्हा वापीला कंपनीत होता. त्याच्या शेजाऱ्यांच्या पॉमेरियनला पिल्लं झाली होती. २०१६ च्या जुलैत एका रविवारी त्याने त्यातलं एक चिकूच्या खोक्यात घातलं आणि मोटरसायकलवरून माझ्याकडे आणून ठेवलं. पांढरं, मुठीएवढं, ओलं आणि थरथरणारं. मी आयुष्यात कधी मांजरसुद्धा पाळलं नव्हतं. भावाने चहा घेतला, "काय नसतं गं त्यात, आपोआप शिकतात," असं सांगितलं आणि गेला. तो उंबरठा ओलांडतोय तोवर पिल्लाने माझ्या पलंगाखाली पहिलं तळं केलं.

ज्यांच्या घरात मी भाड्याने राहत होते, ती माणसं भात आणि नागली पिकवणारी. घरात दोघंच, मावशी आणि बाबा. मुलगा-सून बोईसरला कामाला. मावशी कमी बोलायच्या, आणि बोलल्या की ते बदलायचं नाही. पिल्लू बघायला त्या दाराशी आल्या, कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

"हा कुत्रा हाय का ससा?"

"कुत्राच आहे, मावशी. लहान जातीचा. एवढाच राहतो."

"राखन काय करनार ह्यो?"

"राखणीला नाही. असाच. सोबत म्हणून."

त्यावर त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "बाय, कुत्रा अंगनात ऱ्हातो. घरात मानूस ऱ्हातो. तुला ठेवायचा तं ठेव. पन घरात घान केली, एकदा जरी, तं कुत्रा जाईल."

मी मान डोलावली. पलंगाखालून वाहत आलेलं तळं मी पायाने दडवून उभी होते.

पिल्लाला अंगणात ठेवणं शक्यच नव्हतं. पाड्यावरची कुत्री त्याच्या चौपट, आणि वर घारी. म्हणून ते घरात राहणार, आणि घरात राहायचं तर घरात करायचं नाही, हे त्याला शिकवायलाच हवं होतं. चिंचेखाली उभी राहून मी मोबाइलवर वाचून काढलं. जेवल्यावर पंधरा मिनिटांनी बाहेर न्या. झोपून उठल्यावर न्या. रोज एकाच जागी न्या. शाबासकी द्या. लसीकरणाच्या जुन्या तक्त्यामागे मी वेळापत्रक आखलं आणि दाराला लावलं. पिल्लाने ते फाडून खाल्लं.

खोलीची जमीन शेणाने सारवलेली होती. माझा जन्म फरशीवरचा, चाळीतल्या का होईना, पण फरशीवरचा. फरशीवर काही सांडलं तर फडकं मारलं की संपलं. इथे सांडलेलं जमिनीत मुरायचं आणि ओला डाग राहायचा. फडक्याने पुसलं तर सारवणच उठून हातात यायचं. पहिले दोन दिवस मी डागांवर ट्रंक सरकवत होते. तिसऱ्या दिवशी ट्रंक पुरेना.

गोठ्याच्या दाराशी एक फुटकं घमेलं असायचं आणि त्यात सकाळचं ताजं शेण. मावशी नदीवर गेल्या की मी त्यातलं मूठभर उचलायची, पाणी घालून कालवायची आणि डागावर हाताने फिरवायची. पहिल्यांदा हात घातला आणि लगेच बाहेर काढला. बाळंतपणं केलेली बाई मी, मला कशाची किळस नाही असा माझा समज होता, तो गेला. पण आठवड्याभरात हात सराईत झाला. तळं दिसलं की घमेलं, घमेलं दिसलं की मूठ. वाळलं की वास जायचा, डाग जायचा. माझ्या मते कोणाला काही कळण्यासारखं उरायचं नाही.

तरी जीव थाऱ्यावर नव्हता. कुठल्या घरी गरोदर बाईचा रक्तदाब मोजताना मनात पिल्लूच. मोजून झालं की मी इतक्या घाईने पट्टा सोडायची की एका बाईने विचारलं, "सिस्टर, माझं काय वाईट हाय का?" दुपारच्या सुट्टीत दीड किलोमीटर चिखलातून धावत यायची, पिल्लाला उचलून बाहेर न्यायची, परत धावत जायची. ते बाहेर काही करायचं नाही. पावसात पाय भिजतात म्हणून एक पाय वर धरून माझ्याकडे बघत राहायचं आणि घरात आणलं की लगेच कोपऱ्यात बसायचं. मी त्याच्यावर ओरडले आहे. एकदा दरवाजा आपटला आहे. मग ते ट्रंकेमागे जाऊन बसलं आणि मीच पालथी पडून अर्धा तास त्याची मनधरणी केली. ते मला हवं होतं, हे खरं होतं. त्या पाड्यावर चार वाजल्यानंतर परत यावंसं वाटेल असं मला दुसरं काही नव्हतं. ते गेलं असतं तर मीही बदलीचा अर्ज टाकून निघाले असते.

शेवटी मी छत्री घेतली. अंगणाच्या उगवतीच्या टोकाला गवताळ सपाट तुकडा होता, मधोमध कमरेएवढा एक खांब. गुरं बांधायचा असेल, म्हटलं. तिथे मी पिल्लावर छत्री धरून उभी राहायची, स्वतः भिजत. पाण्याला निघालेल्या बायका हंडे खाली ठेवून हसायच्या. बाबा ओटीवरून ओरडायचे, "सिस्टर, इरलं विनून देऊ काय त्याला?" मी म्हणायची, "द्या ना, मापाचं द्या!" आणि आतून चिडलेली असायची. पण बाराव्या का तेराव्या दिवशी पिल्लू खांबाशी गेलं, दोनदा गोल फिरलं आणि बसलं. मी छत्री टाकून नाचले.

त्यानंतर गाडी रुळावर आली. सप्टेंबर संपेपर्यंत ते दाराशी जाऊन कुंई करायला लागलं. सोडलं की सरळ खांबाशी. दुसरीकडे कुठे नाही. इतकं पक्कं की मला त्याचा गर्व झाला. भावाला चिंचेखालून फोन करून सांगितलं, "शिकवलं मी."

दिवाळी झाली. एका सकाळी बघते तर मावशी आणि बाबा तो गवताळ तुकडा फावड्याने तासतायत. गवत गेलं, माती निघाली, पाणी मारून ती ठोकून घट्ट केली. दुसऱ्या दिवशी मावशींनी गुडघ्यावर बसून अख्खा तुकडा सारवला, खांबासकट. ते खळं होतं. पावसात तिथे गुरं, कोंबड्या, माझं पिल्लू, सगळेच फिरत होते, कोणाला काही नव्हतं. पण सारवून कणसरीची पूजा झाली की त्यावर चप्पल घालून कोणी जात नाही. धान्याच्या देवीची जागा ती. नवं भात तिथे मळायचं, तिला दाखवायचं, मग खायचं. हे बाबांनी मला समजावलं. पिल्लाला कोणी समजवायचं?

मी त्याला दोरीने बांधून दुसरीकडे न्यायला लागले. गोठ्यामागे नेलं, आंब्याखाली नेलं, रस्त्यापलीकडे नेलं. ते सगळीकडे वास घ्यायचं आणि खळ्याच्या दिशेने दोरी ताणायचं. तासभर धरून ठेवायचं आणि खोलीत आलं की सुटायचं. पुन्हा तळी, पुन्हा घमेलं. आणि ते बसायचं तेही नेमकं मी सारवलेल्या जागीच. फार उशिरा माझ्या डोक्यात उजेड पडला. शेणाने वास गेला तो माझ्या नाकापुरता. त्याच्या नाकाला ती जागा ओळखीचीच होती. मी एवढे महिने झाकत होते, ते त्याला बोलावणंच झालं होतं.

मळणीच्या दिवशी सकाळी आठ-दहा माणसं आली होती. भाताचे भारे खळ्याशेजारी रचलेले, बैल यायचे होते. खळ्यात खांबाशी तांदूळ, नारळ आणि फुलं ठेवलेली. मी ड्युटीला निघण्याआधी पिल्लाला घेऊन उलट्या दिशेला चालले होते. त्याने मान मागे खेचली, पट्टा डोक्यावरून निसटला आणि ते पळालं. सगळ्यांच्या मधून, सरळ खळ्यात, खांबाशी. दोनदा गोल फिरलं. मी ओरडत होते तोवर ते बसलंही. आणि झाल्यावर माझ्याकडे बघून शेपूट हलवायला लागलं. शाबासकीसाठी.

एका म्हाताऱ्याने डोक्यावरचं फडकं काढून हातात घेतलं. मी चपला काढून आत गेले, पिल्लाला उचललं आणि तिथेच उभी राहिले. आता मावशी काय म्हणणार ते मला ठाऊक होतं. मनातल्या मनात मी खोकं शोधायला लागले होते, चिकूचं.

मावशी खुरपं घेऊन आल्या. माझ्याकडे न बघता बसल्या, ओल्या जागेभोवती खुरपं फिरवलं आणि चांगली वीतभर माती उपसून पाटीत भरली. खड्ड्यात नवी माती घातली, ठोकली, वरून सारवलं. बाबांनी पाणी शिंपडलं, हात जोडले आणि दुसरा नारळ आणायला आत गेले. मावशींनी पाटी उचलली, घरामागे करवंदीच्या कुंपणाशी नेली आणि ती माती तिथे ओतली.

"सोड त्याला," म्हणाल्या.

मी सोडलं. पिल्लू त्या मातीभोवती फिरलं, नाक खुपसलं आणि तिथे दोन थेंब का होईना, केलं. चार महिने मी चिंचेखाली मोबाइलवर जे शोधत होते ते हे होतं, पाटीभर माती उचलून हलवायची.

मग खळ्याशी परत आल्यावर मावशींनी हात धुता धुता विचारलं, "घरात नाय ना करत?"

पाठीमागे माणसं होती. हातभर अंतरावर ते खळं होतं. "नाही, मावशी," मी म्हणाले. "एकदाही नाही."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि बैलांना बघायला गेल्या.

ते "बरं" मला पुढे दीड वर्ष टोचत राहिलं. पिल्लू त्या दिवसापासून कुंपणाशीच जायला लागलं, खोली कोरडी राहिली, मी नवा भात खाल्ला, बाबा त्याला नागलीच्या भाकरीचा तुकडा घालायला लागले. सगळं नीट झालं होतं. पण देवीसमोर खोटं बोलल्याचं मनात होतं आणि सांगायचं धाडस होत नव्हतं. सांगितलं असतं तर आता काय त्यांनी कुत्रा हाकलला असता? नसताही. तरी मी रोज उद्यावर ढकललं.

२०१८ च्या मे महिन्यात डहाणूला बदली झाली. भाऊ टेम्पो घेऊन आला. पलंग गेला, ट्रंक गेली, शेगडी गेली, आणि मी झाडू घ्यायला परत आत आले. दारातून तिरकं ऊन आलं होतं. मी ती जमीन कधी पुरी सारवली नव्हती, आणि सलग पाहिली तीही पहिल्यांदाच. कपाळावर हात मारला. सगळीकडे ठिगळं. हाताएवढी, ताटाएवढी, कुठे गडद, कुठे फिकी, प्रत्येकाची कड वेगळी उठलेली. गजकर्ण झालेल्या पाठीसारखी दिसत होती ती जमीन. पलंगाखाली तर मोजता येणार नाहीत इतकी. मावशी आयुष्यभर सारवत आलेल्या. आणि मी ड्युटीवर असताना दर शनिवारी त्या याच खोलीत पाण्याचा हंडा ठेवायला येत होत्या.

त्या दारातच उभ्या होत्या.

"मावशी," मी म्हणाले, "मी तेव्हा खोटं बोलले."

"हां."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"बाय, सारवायचं नसलं तं शेन गोठ्यातनं सरळ उकिरड्यावर जातं," त्या म्हणाल्या. "मी रोज घमेल्यात कोनासाठी काढून ठेवत होती?"

लाजेने कानशिलं तापली आणि त्याच वेळी हुंदका फुटला. दोन्ही एकदमच आलं. त्यांनी मला रडू दिलं. मग गोठ्याकडे गेल्या आणि ते फुटकं घमेलं भरून आणून माझ्यासमोर ठेवलं.

"आता सगळी सारव," म्हणाल्या. "एकसारखी. ठिगळं नको."

बाहेर भाऊ हॉर्न वाजवत होता. मी बाहेर जाऊन त्याला सांगितलं की तासभर लागेल. मग परत आत आले, पदर खोचला आणि मागच्या भिंतीपासून सुरुवात केली. मावशी दारात बसून बघत होत्या. मधेच एकदा म्हणाल्या, हात उलटा फिरव, कड राहत नाय. मी उलटा फिरवला. दारापर्यंत येईतो एकदाही उठले नाही.